जिताडा न घेणारी मॅडम

पेणच्या खारेपाटात माणसाची नियत जिताडा या माशावर जोखली जाते, आणि ही कसोटी पिढ्यानपिढ्या अचूक ठरत आली आहे. ती नेमकी कोणाच्या बाबतीत अचूक ठरली असं विचारलं, तर मात्र गावात कोणालाच एकही नाव आठवत नाही.

कसोटी सोपी आहे. खाडीकाठच्या त्या खारट पट्ट्यात कोणी साहेब आला, की घरामागच्या तळ्यातला बरासा जिताडा धरायचा, केळीच्या पानात गुंडाळायचा आणि साहेबाच्या गाडीत ठेवायचा. त्याने तो घेतला, की माणूस सरळ. मग काम नाही झालं तरी मनात किंतु राहत नाही. हैबतराव हे या शास्त्रातले जाणकार. त्यांच्या तळ्यातले जिताडे आजवर बऱ्याच लहानमोठ्या खुर्च्यांपर्यंत पोचले होते. म्हणूनच मे महिन्यात नमिता मॅडमने जिताडा परत पाठवला, तेव्हा त्यांना संशय आला.

मॅडम एका संस्थेच्या. बदलत्या हवामानात टिकेल अशी शेती शिकवायची, हे त्यांचं काम. हैबतरावांचं दीड एकर खाडीच्या बांधाला लागून. बांधाला खांड पडलेली. भरतीच्या पाण्याने पाडलेलं ते भगदाड भरायला कोणाकडे पैसा नव्हता. उधाण आलं, की त्यातून खारं पाणी शेतात शिरायचं आणि भाताची पाती टोकापासून तांबडी पडत जायची. दोन हंगाम असेच गेले होते. मॅडमने सांगितलं, खार सोसणारं बी संस्था फुकट देईल. पावसाचं पाणी शेतात कोंडून सोडून द्यायचं, म्हणजे मीठ धुऊन जाईल; मग मोड आलेलं बी फेकायचं. कडेने मातीचा उंच वरंबा घालून त्यावर भेंडी लावायची. पीक नीट आलं, तर पुढच्या वर्षी संस्था खांडही भरून देईल. शेतात फक्त संस्थेची एक पाटी उभी करायची.

“आन् तुमाला काय?” हैबतरावांनी विचारलं.

“मला काही नको, काका. मला पगार आहे.”

पगार असलेली माणसं हैबतरावांनी पुष्कळ पाहिली होती. जिताडे त्यांनीच खाल्ले होते.

मासा लहान वाटला असेल, म्हणून त्यांनी मुलाला, रितेशला, दुप्पट मोठा मासा देऊन मॅडमच्या पेणच्या खोलीवर धाडलं. मासा तसाच परत आला. मग पोहे गेले, पापड गेले, परत आले. शेवटी हमरापूरच्या मूर्तिकार मेव्हण्याकडून गणपतीची मूर्ती देऊ केली. मॅडम म्हणाल्या, आमच्या घरी गणपती बसत नाही.

“गणपतीपण नको?” शेजारचा गोविंदा बांधावर बसून विडी विझवत म्हणाला. “मंग झालंच तुमचं. जो मासा घेतो त्याला मासा पायजे असतो. ही कायच घेत नाय, म्हंजे हिला जमीन पायजे.”

“आन् ती पाटी कशाला?” हैबतरावांनी विचारलं.

“पाटी म्हंजे खूण. उद्या मोजणीवाले येतील, त्यांना शेत सापडाया नको?”

हैबतरावांना हे पटलं, कारण त्यांना ते आधीपासूनच पटलेलं होतं.

अडचण एकच होती. रितेश धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर जात होता आणि सुट्टीच्या दिवशी शेतात राबत होता. त्याने जेवताना शांतपणे सांगितलं होतं, “बाबा, यंदापण भात करपलं तर मी धाटावलाच खोली घेतो. मंग शेत विका नायतर जिताड्यांना द्या.” बापाने मनात हिशेब केला. नेहमीचं बी पेरावं तर शेत खाडी नेणार, मॅडमचं पेरावं तर मॅडम नेणार.

खात्री करायला हैबतराव रोह्याला बहिणीकडे गेले. विमलबाईंचं गाव आत, डोंगराच्या अंगाला. तिथे संस्था आदल्या वर्षीच शिरली होती. भात कापल्यावर नांगर न धरता त्याच ओलीत वाल टोचायला सांगितलं होतं. वाल बरे आले. विमलबाईंनी घरावरचे पत्रे बदलले होते.

हैबतरावांनी पत्रे पाहिले, वाल पाहिले, आणि आवाज खाली आणला. “विमल, खरं सांग गो. तिनं काय नेलं?”

“काय नाय, दादा.”

“सही?”

“नाय.”

“अंगठा?”

“मी सातवी शिकलेय, दादा. अंगठा कशाला देऊ?”

“मंग काहीतरी घेतलं असंल की.”

विमलबाईंनी आठवून पाहिलं. “चा प्यायली. बिनसाखरेचा.”

परतताना हैबतरावांचा चेहरा उतरला होता. फसलेल्याला आपण फसलो हेही कळू नये, म्हणजे फसवणूक बरीच वरच्या दर्जाची असणार. साखरसुद्धा घेतली नव्हती.

घरी मॅडमने दिलेल्या पाटीशेजारी बियाण्याची पिशवी कोपऱ्यात तशीच होती. रोज सकाळी हैबतराव तिच्याकडे संशयाने पाहत आणि चहा घेत. पाऊस मुरला, शेजारचे पेरायला लागले, तेव्हा बायको हौसा म्हणाली, “पेरायचं असंल तर पेरा. नायतर आज कोंबड्यांना घालते. त्यांची जमीन कोन घेनार हाय?”

त्या दिवशी हैबतरावांना युक्ती सुचली. आपल्याच शेतात त्यांनी पाणी कोंडलं, सोडलं, मग मोड आलेलं बी फेकलं. वरंबा घालून भेंडी लावली, मॅडमने सांगितलं तसं सगळं केलं. पाटी मात्र चार शेतं पलीकडे, पुतण्या प्रणितच्या तुकड्यात नेऊन रोवली. प्रणित मुंबईला. त्याच्या तुकड्यात केव्हाच तिवरं, खाडीतली ती खारी झुडपं, माजली होती आणि चिंबोऱ्या-खेकड्यांनी बिळं केली होती.

“घेणारे पाटी बघून घेतील,” हैबतराव म्हणाले. “घेऊ दे तिवरं.”

“आन् मॅडम आली तर?”

“सांगायचं, वाऱ्यानं उडाली.”

“उडून चिखलात सरळ हुभी ऱ्हायली?” हौसाने विचारलं.

याचं उत्तर द्यावं लागलं नाही. जुलैत मॅडमना संस्थेने दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं. हैबतरावांनी गोविंदाला सांगितलं, “काम झालं तिचं. आता मागचे येतील.”

ऑगस्टच्या उधाणाला खांडीतून पाणी आलं. गोविंदाचं शेत पंधरवड्यात तांबडं पडलं. हैबतरावांचं थोडं मलूल झालं, टोकं पिवळी पडली, आणि मग ते काही न झाल्यासारखं वर आलं. वरंब्यावर भेंडी एवढी लागली, की रितेश कंपनीच्या बसमध्ये शिफ्टच्या पोरांना विकू लागला. धाटावच्या खोलीची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. हैबतराव मात्र रोज बांधावर बसून रस्त्याकडे बघत. पीक जितकं भरत होतं, तितका त्यांचा संशय भरत होता. एवढं चांगलं कोणी फुकट करत नाही.

भात पिवळं झालं आणि ते आले. दोघे जण, गाडीतून, हातात मोबाईल.

“संस्थेचं प्रात्यक्षिक शेत कुठे आहे?”

हैबतरावांनी त्यांना प्रणितच्या तुकड्याकडे नेलं. दोघे पाटीपुढे उभे राहिले. तिवरांत एक बगळा उभा होता.

“भात कुठाय?” एकाने विचारलं.

“गेलं.”

“कशाने?”

“खाडीनं,” हैबतराव म्हणाले, आणि त्यात खोटं असं काही नव्हतं. प्रणितच्या तुकड्यातलं भात खाडीनेच नेलं होतं, दहा वर्षांपूर्वी.

दुसऱ्याने पाटीचे फोटो काढले. परत येताना तो बांधावर थबकला. “हे शेत छान आहे. कोणाचं?”

“पावण्यांचं हाय. ते नसतात हितं.”

सवयीने हैबतरावांनी जिताडा आणला. दोघांनी तो घेतला. नीट बर्फात ठेवा म्हणून ड्रायव्हरला सांगितलं, हात जोडले, वजनाचं कौतुकही केलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा हैबतरावांनी कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

“मानसं सरळ हायत,” त्यांनी हौसाला सांगितलं.

भात निघालं. वर्षाचं खायला ठेवून उरलेलं पोह्यांच्या गिरणीला गेलं. गोविंदा येऊन कणगीत हात घालून दाणे पाहून गेला. पुढल्या वर्षी मलापण हेच बी पायजे, म्हणाला. हैबतराव म्हणाले, आता बी येईल, खांडपण भरून मिळंल, शब्द दिलाय त्यांनी. संस्थेच्या पेणमधल्या कार्यालयात फोन लावला तेव्हा कळलं, की तुमच्या गावचं प्रात्यक्षिक फसलं म्हणून गाव यादीतून काढलंय. खाडीच्या बांधासाठी राखलेले पैसे, ज्या गावात प्रयोग यशस्वी झाला त्याला दिलेत.

ते गाव विमलबाईंचं. त्या गावाला खाडी नाही.