पेन्सिलीचा ठिपका

बारक्याची कंपनी उभी राहिली ती ताईच्या वह्यांवर. हे तो स्वतःच सांगायचा, छाती पुढे काढून. मुलाखतीत, सभेत, गुंतवणूकदारांपुढे. "माझी ताई नर्स आहे. वीस वर्षं चाळीस सिस्टरांच्या ड्युट्या वहीत पेन्सिलीने लावतेय. तिचं ते डोकं मी मशीनमध्ये घातलं." टाळ्या पडायच्या. ताईला त्यातलं काय मिळालं म्हणाल, तर वह्या परत मिळाल्या, त्याही चहाचे डाग पडून.

खोटं कशाला बोला, मेहनत त्याने केली होती. चांगली नोकरी सोडून दोन महिने तो वॉर्डात तिच्या टेबलाशी स्टूल टाकून बसला. कोणाची सकाळ, कोणाची नाइट, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाला लागोपाठ दोन नाइट झेपत नाहीत, सगळं टिपून घेतलं. काही नावांपुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका असायचा.

"हा कसला गं, ताई?"

"तुला काय करायचंय? ठिपका दिसला की नाइट लावायची नाही. आणि का म्हणून विचारायचं नाही. बस्स."

त्याने 'नाइट नको' एवढं लिहून घेतलं आणि पान उलटलं.

ठिपका म्हणजे काय, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडाने कोणी बोलत नव्हतं. कोणाचं मूल आजारी, कोणाचा नवरा हात उचलणारा, कोणाला दिवस गेलेले पण अजून सांगायचं नाही. जिचं घर डोईजड झालंय तिला ताई गुपचूप ठिपका द्यायची आणि बाकीच्या तिची नाइट कुरकुर न करता वाटून घ्यायच्या. उद्या आपल्यावर वेळ आली तर? प्रत्येकीच्या नावापुढे कधी ना कधी तो येऊन गेलेला. जाड चष्मेवाल्या सिस्टरच्या नावापुढे मात्र सहा वर्षं होता. तिच्या नवऱ्याचं भान गेलेलं. अंधार पडला की दार उघडून चालू लागायचा. दाराशी तिलाच बसावं लागे.

पुढे पहिल्या मोठ्या गुंतवणूकदार बाई आल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा ठिपक्यांचा रकाना कसला?"

'मला माहीत नाही.' तीन शब्द होते हो, तीन! पण कंपनीच्या मालकाला ते जड गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "कोणावर भरवसा ठेवता येत नाही, ते यातून कळतं," बारक्या म्हणाला. "वीस वर्षांची नोंद आहे. बाजारात दुसऱ्या कोणाकडे नाही."

बाईंचे डोळे चमकले. महिन्याभरात रकान्याचं बारसंही झालं. भरवसा गुण, म्हणे! जितके ठिपके जास्त, तितके गुण कमी.

अकरा रुग्णालयांनी ते मशीन घेतलं. पहिलं अर्थात ताईचं, तिच्याच शब्दाखातर. तीन वर्षांनी तिथल्या व्यवस्थापनाला माणसं कमी करायची लहर आली. पूर्वी असल्या कामाला कोणालातरी वाईट व्हावं लागायचं. आता कोणाला वाईट व्हायची गरजच उरली नव्हती. भरवसा गुणांची यादी काढली आणि तळातल्या सहाजणींना पत्रं दिली. सगळ्यात तळाला चष्मेवाली.

ताई ड्युटीवरून तशीच त्याच्या ऑफिसात आली, गणवेशात. दारातल्या यंत्राने काढून दिलेली 'पाहुणी' अशी चिकटपट्टी तिच्या छातीवर होती. काचेच्या खोलीत ती बसली नाही, उभीच राहिली.

"बारक्या, एक फोन कर. ठिपका म्हणजे कामचुकारपणा नव्हे, एवढंच सांग त्यांना. माझं ऐकत नाहीत. मलाच म्हणतात, सिस्टर, मशीन तुमच्याच वह्यांवरून शिकलंय."

"ताई, शुक्रवारी नव्या गुंतवणुकीच्या सह्या आहेत. आत्ता मीच म्हटलं रकाना चुकलाय, तर अकराच्या अकरा विचारतील, अजून काय काय चुकलंय? साठ माणसं आहेत माझ्याकडे कामाला. सोमवारी करतो ना फोन. शपथ."

"तिला उद्या ओळखपत्र परत करायचंय."

"मग मी तिला दुसरीकडे कुठेतरी लावून देतो."

"कुठे? तुझं मशीन नसलेलं रुग्णालय बघून ठेवलंयस?"

बारक्याने घड्याळाकडे पाहिलं. ताईने ते बघितलं.

"बरं," ती म्हणाली. घरात सगळ्यांना माहीत होतं, ताई 'बरं' म्हणाली की विषय संपला. तिने चिकटपट्टी उपटली, टाकायला डबा दिसेना, म्हणून मुठीत चुरगाळून घेऊन गेली.

शुक्रवारी सह्या झाल्या. फोटो निघाले. सोमवारी त्याने खरंच फोन केला, उगाच नावं का ठेवा. पलीकडचे साहेब फार गोड बोलले. "आता ती जागाच राहिली नाही हो. पण तुमचा तो रकाना म्हणजे लाखमोलाचा! वॉर्डबॉयनाही लावून द्या ना."

बारक्याने लावून दिला.

रविवारी तो ताईकडे गेला. आई तिथेच असते. कंबरेचं हाड मोडल्यापासून, तीन वर्षं अंथरुणात. सोमवार ते शनिवार ताई आणि भावोजी वाटून घेतात, रविवार बारक्याचा. म्हणजे ठरलेला त्याचा. आला असेल दहा-बारा वेळा. फोनवर "जमत नाही गं" म्हटलं की ताई म्हणायची, "असू दे." कधी एका शब्दाने पुढे विचारलं नाही. त्याला वाटायचं, तिला सवय झालीय.

पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला. फ्रिजवर कॅलेंडर ठेवलेलं होतं. रविवारच्या चौकटीत शाईने 'बा'. सहज त्याने मागची पानं उलटली. प्रत्येक 'बा'पुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. जानेवारीपासून एकूण एक रविवारी. खिळ्याला मागच्या दोन वर्षांची कॅलेंडरं तशीच अडकवलेली. त्यातही तेच.

घाईघाईने त्याने चालू महिन्याचं पान पुढे घेतलं. आजच्या 'बा'पुढे ठिपका नव्हता. कागद तिथे घासून खरखरीत झाला होता. पुढच्या रविवारीही तसंच, त्याच्या पुढच्याही, पार डिसेंबरपर्यंत. फ्रिजवर खोडरबराचा भुगा अजून पडून होता.

ताई आईची चादर घेऊन आत आली. त्याच्याकडे न बघता तिने ती बादलीत भिजत घातली.

"ताई," तो म्हणाला. बोलायचं होतं भलतंच, तोंडातून निघालं सवयीचं. "पुढच्या रविवारी मला जमणार नाही गं."

ताईने नळ बंद केला. ओले हात पदराला पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचारलं.

"का?"