फाळक्यावरचा फोन नंबर

मित्रांनो, मी एका जुन्या ट्रकचा फाळका आहे. फाळका म्हणजे ट्रकच्या मागचं, साखळ्यांना लटकणारं, उघडबंद होणारं दार. इकडे रायपुरात मला डाला म्हणतात. काहीही म्हणा, माझं काम एकच, माल खाली पडू द्यायचा नाही. ट्रक पुढे जातो आणि मी मागे बघतो. समोरून कोण येतंय ते मला कधी कळलं नाही, पण कोण मागे राहिलं, कोणाचं तोंड कसं झालं, हे माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

आत्मवृत्त सांगणारी जुनी खुर्ची, जुनी छत्री फार गरीब स्वभावाच्या असतात. त्यांचं तुम्ही शाळेत वाचलं असेल. मी तसला नाही, आधीच सांगून ठेवतो. मी बस्तरच्या साल नावाच्या झाडाच्या लाकडाचा. सालाच्या लाकडात खिळा सहजासहजी जात नाही, आणि एकदा गेला की निघत नाही. माझ्या मनाचंही तसंच आहे. कोणी घाव घातला की तो मी जपून ठेवतो.

माझा जन्म रायपूरजवळच्या उरल्याला झाला, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका आवारात. तेव्हा आमचा नंबर मध्य प्रदेशचा होता. मालक विनायकराव रायपुरातल्या गुढियारीचे, लोखंडी सळ्यांचा धंदा करणारे. चालवणारा नरहर, तोही गुढियारीचाच. त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याकडून इथे आले आणि इथलेच होऊन गेले. नरहर बोलायला कमी, पण गाडी अशी चालवायचा की खड्ड्यातूनही माझी साखळी वाजू नये. दर दसऱ्याला तो मला स्वतः धुवायचा, हळदकुंकू लावायचा. माझ्यावर त्यानं पेंटर लहानूकडून दोन मोर काढून घेतले होते, आणि मोरांच्या मधोमध मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'माँ का आशीर्वाद'.

ते काही शोभेसाठी नव्हतं. नरहरची आई, शांताबाई, रोज सकाळी गाडी गल्लीतून निघताना माझ्यापर्यंत चालत यायची आणि माझ्यावर थाप मारायची. समोर जाऊन काचेला कधी हात लावला नाही तिनं. "पाठीवर हात ठेवावा, तोंडावर नाही," असं म्हणायची. ती थाप मिळाली की मला दिवसभर बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मी लाकूड असलो तरी लाडावलेला होतो.

मग मध्य प्रदेशातून फुटून नवं राज्य झालं. रायपूर राजधानी झाली. ढोल वाजले, रस्ते झाडले गेले, आणि गाड्यांना नवे नंबर घ्या असा हुकूम आला. ज्यांनी बदलून घेतले ते सुटले, ज्यांचे कागद कचेरीत अडकले ते रस्त्यावर अडकू लागले. आमचे कागद अडकले होते. विनायकरावांनी अर्ज दिला होता, पावती गाडीत होती, पण पावती पाहायला डोळे हवेत ना. आणि उरल्याच्या वळणावर उभ्या राहणाऱ्या तपासणीवाल्या साहेबाच्या डोळ्यांवर कायम काळा गॉगल असायचा. ड्रायव्हर लोक त्याला गॉगल साहेब म्हणायचे. मी मनात काय म्हणायचो ते इथे लिहिता येत नाही, लहान मुलंही वाचणार आहेत.

त्याच वर्षी शांताबाईला अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू गेली आणि वाचाही गेली. नरहरनं घरी फोन घेतला. उरल्याच्या वळणावर भैय्यालालची चहाची टपरी होती, तिथेही फोन होता. येता-जाता नरहर तिथे थांबणार हे घरी माहीत, म्हणून काही झालं तर नरहरची बायको मंदाकिनी तिथे फोन करायची. आईला आता थाप मारता येत नव्हती. तरी गल्लीतून निघताना नरहर माझ्याजवळ येऊन थोडा वेळ उभा राहायचा.

एका दुपारी साहेबानं टपरीसमोरच आमची गाडी अडवली. किल्ली काढून घेतली. "पुराना नंबर लेकर नये राज में घूम रहे हो," असं म्हणाला आणि नरहरला उन्हात उभं केलं. पावती दाखवली तर ती बघितलीही नाही.

"मालिक को बोलो मुझे फोन करे," साहेब म्हणाला आणि खिशातून मोबाइल काढून मिरवला. तेव्हा मोबाइल म्हणजे मोठी ऐट होती. "मेरा नंबर लिखो."

नरहरकडे पेन नव्हतं.

"तो याद करो. बोलो मेरे पीछे."

आणि मित्रांनो, पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाकडून त्यानं शाळेतल्या पोट्ट्यासारखा नंबर वदवून घेतला. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. बाजूचे शिपाई हसत होते. नरहरनं मान खाली घालून तो नंबर पाठ केला. मी मागे होतो, पण आवाज तर ऐकू येतो ना.

तेवढ्यात टपरीतला फोन वाजला. भैय्यालाल धावतच बाहेर आला. "नरहर भैया, घर से फोन है. भाभी बोलत हे, अम्मा ह गोठियात हे. तोर नाँव लेवत हे."

आई बोलते आहे. इतके महिने मुकी असलेली आई बोलते आहे आणि नरहरचं नाव घेते आहे. नरहर टपरीकडे वळला.

साहेबानं काठी आडवी धरली. "किधर?"

"साब, माँ का फोन है. बस एक मिनट."

"तुम लोगों की माँ रोज ही बीमार रहती है. खड़े रहो."

नरहरनं हात जोडले. भैय्यालालनंही जोडले. साहेब कडुनिंबाखाली खुर्ची टाकून डबा उघडून बसला. टपरीच्या फळीवर रिसीव्हर आडवा पडून होता. त्यातून मंदाकिनीचा बारीक आवाज येत होता, "आहे का? आले का?" मग तोही थांबला. साहेबाचं जेवण झालं, त्यानं हात धुतले, मग किल्ली फेकली.

आम्ही गुढियारीला पोचलो तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. शांताबाई गेली होती.

सुतक फिटल्यावर नरहर एकदा माझ्याजवळ येऊन बसला, मंदाकिनीही आली. त्यानं विचारलं, "काय म्हणत होती ती?"

"तुमचंच नाव घेत होती," मंदाकिनी म्हणाली. "मी फोन तिच्या कानाले लावून धरला होता. तुम्ही येऊन राहिले, येऊन राहिले, असं सांगत होते. तिनं ऐकलं आणि मग चूप झाली. वाट पाहून राहिली होती."

नरहर रडला नाही. दात ओठ खात बसून राहिला. आणि मी? मी तर तेव्हाच ठरवून टाकलं होतं, देवानं मला हात दिले असते तर त्या गॉगलाचे तुकडे करून नाल्यात टाकले असते. हात नव्हते. पण पाठ होती.

नवे कागद आले. गाडीवर नवा नंबर घालायचा म्हणून विनायकरावांनी सगळी गाडी रंगवायला लहानूकडे पाठवली. त्याचं दुकान उरल्याच्या वळणावरच, टपरीच्या समोर. मालक म्हणाले होते, मागे माझा फोन नंबर टाका, सगळेच टाकतात, गिऱ्हाईक मिळतं. नरहर लहानूला म्हणाला, "आशीर्वादावर रंग मार. तिथं लिही, कहीं भी माल भेजना हो, फोन करें. दिन-रात सेवा." आणि नंबर सांगितला. न अडखळता सांगितला.

लहानूनं ब्रश थांबवला. "काहून बे, हा मालकाचा नंबर नाही."

"नाही. गॉगल साहेबाचा आहे."

"लायसन जाईल तुझं."

"जाऊ दे. त्यानंच पाठ करून घेतला, आता वाया कशाले घालवू? मोठा लिही. लहान पोट्ट्यालेही वाचता आला पाहिजे."

 मग लहानूनं लाल रंग घेतला, आणि काय सुंदर नंबर लिहिला म्हणून सांगू. प्रत्येक आकड्याला पांढरी सावली दिली. आशीर्वाद झाकला गेला तेव्हा मला भडभडून आलं, पण नंबर वाळल्यावर छाती फुगली.

आता गंमत ऐका. साहेब गाड्या समोरून अडवायचा. समोरचा नंबर बघायचा, ड्रायव्हरला खाली उतरवायचा, काम झालं की पुढच्या गाडीकडे वळायचा. गाडीच्या मागे जायची त्याला कधी गरजच पडली नाही. त्याचा नंबर त्याच्या डोळ्यांदेखत रायपूरभर फिरत होता आणि त्याला पत्ता नव्हता. नरहरचं पाहून बाकीचे ड्रायव्हरही लहानूकडे आले. त्या वळणावर उन्हात उभा राहिला नाही असा ड्रायव्हर उरल्यात होता कुठे? लहानूचा लाल रंग संपत आला.

मग फोन सुरू झाले. आमची गाडी नाक्यावरून सुटली की माझं तोंड साहेबाकडे व्हायचं, आणि मी डोळे भरून बघायचो. साहेब कोणाला तरी दमात घेतोय, आणि फोन वाजतोय.

"भैया, गाड़ी खाली है का? भाटापारा से प्याज उठाना है."

कधी पंडरीचा कापडवाला, कधी वीटभट्टीवाला. एक बाई तर बिऱ्हाड हलवायचं म्हणून रोज करायची आणि भांडायची, "दिन-रात सेवा लिखे हो, तो उठाते काहे नहीं?" साहेब ओरडायचा, फोन आपटायचा, परत उचलायचा. काय माहीत, वरच्या साहेबाचा असला तर? जेवणाच्या डब्यावर बसला की हटकून वाजायचा. त्याच्या नाकी नऊ आले. आणि मला, मित्रांनो, साखळ्या वाजवून नाचावंसं वाटायचं. सूड वाईट असतो असं तुम्हाला शिकवतात. असेल. पण त्याची चव गोड असते हे कोणी शिकवत नाही. शेवटी शेवटी साहेब फोन बंदच ठेवू लागला.

एक दिवस मात्र कांदेवाल्यानंच त्याला सांगितलं असावं, की नंबर ट्रकच्या मागे वाचला. दुपारची वेळ, वळणावर गाड्यांची रांग. साहेब एकटाच, गॉगल हातात घेऊन, एकेका गाडीच्या मागे जाऊन बघत येत होता. त्याचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. लाल झाले होते. माझ्यासमोर येऊन तो थांबला.

नरहर खाली उतरला. मागच्या गाड्यांचे ड्रायव्हरही उतरले.

साहेब आधी खूप ओरडला. गाडी जप्त करतो, आत टाकतो. नरहर म्हणाला, "आपही ने याद कराया था, साब."

साहेबाला आठवेना. नरहरनं सगळं सांगितलं. टपरी, फोन, आई, डबा. तरी त्याला आठवेना. ज्या दुपारनं आमचं घर मोडलं, ती त्याच्या आठवणीतही नव्हती. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मग त्याचा आवाजच बसला. "मिटा दो भाई. गाँव में माँ बीमार है. उसके पास यही एक नंबर है, दीवार पर लिखवा के रखा है. मैं फोन बंद रखता हूँ, वो लगाती रहती है. आज पड़ोसी ने दफ्तर में खबर भेजी."

 माझ्या मनात आलं, नको पुसू नरहर, भोगू दे. करावं तसं भरावं.

नरहरनं लहानूच्या दुकानातून पत्र्याचा तुकडा आणि रंग उतरवायचं थिनर आणलं आणि साहेबाच्या हातात दिलं. "पहले फोन चालू करो. फिर अपने हाथ से खुरचो." मग मराठीतच म्हणाला, "तुमच्यासाठी नाही पुसत. तिकडं एक म्हातारी आहे, तिच्यासाठी."

साहेबानं फोन चालू करून माझ्या काठावर ठेवला आणि वर्दी घालून, सगळ्यांसमोर, मला खरडू लागला. लाल आकडे सोलून पडत होते. फोन वाजला. तो दचकला.

"घ्या साहेब," नरहर म्हणाला. "आम्ही घेऊ देतो."

कांदेवालाच होता. गाडी रिकामी आहे का म्हणून विचारत होता. ड्रायव्हर खो खो हसले. साहेब परत खरडू लागला, आणि लाल रंगाखालून पिवळी अक्षरं वर आली. आशीर्वाद हा शब्द दिसल्यावर त्याचा हात थांबला. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्याला हात लावायची त्याची हिंमत होईना. नरहरनंच उचलून त्याच्या कानाला लावला.

"हव दाई," साहेब म्हणाला. "हव, मैं हर बोलत हँव." आणि रस्त्याच्या कडेला, थिनरनं भरलेल्या हातांनी, मटकन खाली बसला.

त्याची आई लागली फोनवर. आमची काही लागली नाही. नरहर पिवळ्या अक्षरांवर हात ठेवून, तिकडे न बघता उभा राहिला.

त्याला आता खूप वर्षं झाली. ट्रक भंगारात गेला, माझा मात्र भैय्यालालनं टपरीपुढचा बाक केला. मोर उडाले, अक्षरं पुसट झाली. रोज कोणी ना कोणी माझ्यावर बसून चहा पितं, आणि सगळ्यांच्या खिशात फोन वाजतो. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. फोन घरून आला तर चहा ठेवा आणि उचला. दुसऱ्याचा आला तर त्याला वाट द्या, काठी आडवी घालू नका. पलीकडे कोण कान लावून बसलंय, ते तुम्हाला माहीत नसतं.

गॉगल साहेब आता निवृत्त झाला आहे. कधीकधी टपरीवर येतो, नरहरला राम राम करतो. नरहरही करतो. नरहरनं त्याला माफ केलं असेल, तो मोठ्या मनाचा. साहेब चहा मात्र उभ्यानंच पितो, माझ्यावर कधी बसत नाही. बसावं त्यानं एकदा. माझ्या उजव्या टोकाला एक खिळा वर आला आहे. भैय्यालाल तो ठोकायला आला की मी लाकूड आवळून धरतो. तो खिळा मी साहेबासाठी राखून ठेवला आहे.