मुक्रिनची मिशी आणि माझी शेपटी

मी एक म्हातारा, थोट्या शेपटीचा सांडा आहे, म्हणजे वाळवंटातला घोरपडीसारखा सरडा. माझे मन मोठे नाही, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, ही माझ्या सूडाची गोष्ट आहे.

अरबस्तानातल्या नज्दच्या माळावर एका बाभळीजवळच्या बिळात मी जन्मलो. उन्हात पडावे, पाला खावा, सावली हलली की आत पळावे, एवढेच आमचे आयुष्य. तिथे मुक्रिन नावाचा शिकारी येई. वाळूवरचा माग वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पंजांच्या दोन ओळी आणि मधोमध शेपटीची रेघ दिसली, की तो थेट आमच्या दाराशी हजर. एका वसंतात त्याने आमच्या बिळात पाणी ओतले. माझी जोडीदारीण गुदमरून बाहेर आली आणि त्याच्या पोत्यात गेली. मी निसटलो, पण अर्धी शेपटी त्याच्या सुऱ्याखाली राहिली. ती त्याने गाडीच्या आरशाला टांगली. याला सोडायचे नाही, असे मी त्याच दिवशी ठरवले.

मी त्याच्याच बागेत, डाळिंबाच्या बुंध्याशी बीळ केले आणि घोळाची भाजी फस्त करू लागलो. त्याची बायको मुधी रोज सकाळी ओरडायची, "तीन टेकड्यांपलीकडचा सांडा दिसतो तुम्हाला, आणि घरच्या वाफ्यातला चोर दिसत नाही होय?"

मुक्रिन वाकून वाकून माग पाही. मधली रेघ नव्हती. ती त्यानेच कापली होती, पण हे काही त्याच्या ध्यानात आले नाही. रेघ नाही म्हणजे कासवच, असे ठरवून त्याने शेजारच्या दह्हामकाकांच्या कासवावर आळ घेतला. त्या एकट्या म्हाताऱ्याला कासवाखेरीज कोणी नव्हते. मुक्रिनने कॉफीला जमलेली मंडळी बागेत आणली. आमच्या गावात माग काढणाऱ्याचा शब्द म्हणजे साक्ष. मुक्रिन भिंतीपलीकडे उभ्या काकांना म्हणाला,

"काका, ते कासव आजच माळावर सोडून या."

"अरे, ते अंगणाबाहेर पडलेलंच नाही! डोळे तपासून घे जरा."

मुक्रिनने मिशीला हात लावला. "मी चुकलो असेन, तर ही उतरवीन!"

मला हेच हवे होते. भर उन्हात मी भिंतीवर चढलो आणि थोटूक त्याच्याकडे करून बसलो. जीव जाण्याचीच वेळ होती, पण मजा फार आली. गाडीच्या आरशाला टांगलेली शेपटी आठवून मंडळी खो खो हसत सुटली. मुक्रिन चवताळून धावला. मी पलीकडे, काकांच्या अंगणात उडी टाकली.

काकांनी काठी आडवी धरली. "खबरदार! माझ्या अंगणात आला तो माझा आश्रित. तू आपला वस्तरा आण."

आश्रिताला हात लावण्याची हिंमत आमच्याकडे कोणी करत नाही. त्या संध्याकाळी मिशी उतरली. शेवटचा केस पडेपर्यंत मी भिंतीवरून पाहत होतो.

मित्रांनो, माळावर किंवा बागेत आमचा माग दिसला, तर खुशाल मागोमाग या, लांबून पाहा. बिळात मात्र हात घालू नका, पाणी ओतू नका. मुक्रिनची मिशी दोन महिन्यांत परत आली. माझी शेपटी आली नाही, माझी जोडीदारीणही आली नाही. म्हणून त्याची भाजी मी अजून खातो.