अडीचच्या बांगड्या

मी संशयी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. दूधवाल्यानं न मागता माप वर घातलं तर मी आधी पातेल्यात वाकून बघते. कुणी उगाच गोड बोललं की मला वाटतं, कुठंतरी पाणी मुरतंय. पण दुखणं लपवून हिंगोलीकडच्या गोरेगावात दोन लेकरं सांभाळायची वेळ आली असती, तर तुम्हीही असेच झाला असता.

दुखणं आमवाताचं. रेवतीच्या जन्मानंतर सुरू झालं. आधी बोटं, मग मनगटं, मग पायाचे चवडे. हिंगोलीच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. तिथं रक्त तपासून सांगितलं की हा म्हातारपणाच्या सांधेदुखीचा प्रकार नाही, तरण्यांनाही होतो आणि गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील. गोळ्यांसाठी रेवतीचं दूध तोडावं लागलं. सकाळी उठले की बोटं वळत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर मूठ झाकतच नाही. थोरला चिन्मय चार वर्षांचा, त्याच्या शर्टाची बटणं लावलेलीच ठेवते आणि शर्ट डोक्यावरून घालते. सव्वा वर्षाच्या रेवतीला हातांनी नाही, कोपरात अडकवून उचलते, आणि दर वेळी जीव मुठीत धरते.

हे फक्त माझ्या नवऱ्याला, अनिरुद्धला माहीत होतं. तो सेनगावला एका शाळेत कारकून आहे. सकाळच्या जीपनं जातो, दिवेलागणीला येतो. सासूबाईंना कळू द्यायचं नाही असं मीच त्याला बजावलं होतं, आणि त्याला कारण होत्या संध्याताई.

संध्याताई माझी नणंद, अनिरुद्धच्या पाठची. लग्न आमच्या आधीच झालं, हिंगोलीला असतात, मूलबाळ नाही. रेवती झाली तेव्हापासून सासूबाई अधूनमधून म्हणायच्या, "एक लेकरू संध्याकडं ऱ्हायलं तर काय बिघडलं?" मी हसून सोडून द्यायचे. दूध तोडलं तेव्हा पुन्हा म्हणाल्या, "आता तर दुधाचीबी अडचण न्हाई." त्या दिवशी मी हसले नाही. माझे हात कामातून गेलेत हे कळलं असतं, तर त्यांनी रेवतीची पिशवी त्याच दिवशी भरली असती. आणि जिला लेकरू धड उचलता येत नाही, तिनं कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं?

आणखी एक गोष्ट मला खटकायची. संध्याताई सख्ख्या आईला 'मावशी' म्हणतात. अनिरुद्धला विचारलं तर म्हणाला, पहिल्यापासून तसंच आहे. सासूबाईंना विचारलं तर भांडी जोरात वाजायला लागली. मायलेकींचं काहीतरी शिजतंय, असं मी तेव्हाच मनात धरून ठेवलं.

संक्रांत जवळ आली आणि माझे हात सासूबाईंच्या डोळ्यांवर आले. सुजलेल्या हातावरून निघेनात म्हणून जुन्या काचेच्या बांगड्या मी एकेक करून वाढवल्या होत्या. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. हातात राहिली होती एकेक प्लास्टिकची.

"सवाष्णीचे हात असे असतेत का?" सासूबाई म्हणाल्या. "जा, नाहिदकडून भरून ये."

नाहिदभाभीचं बांगड्यांचं दुकान बाजारगल्लीत आहे. आधी तिची सासू नजमाबी चालवायची. नाहिदचा हात पूर्वी इतका हलका होता की बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. पण वर्ष-दोन वर्षांपासून ती कुणाला भरून देत नाही, बांगड्या पुढं सरकवते आणि आपल्या आपण घाला म्हणते. गावातल्या बायका म्हणतात, तिला माज आलाय. मीही तेच म्हणायचे.

"अडीच दाखवा," मी म्हणाले.

"तुमचं माप सव्वादोन हाय," नाहिदभाभी म्हणाली. "लग्नात म्याच भरल्या व्हत्या. अंगानं तर तुमी वाळून राहिल्या. हातच काहून वाढला?"

"बाळंतपणाची सूज आहे."

"लेकरू चालाय लागलं की," ती म्हणाली. मग माझ्या कोपरात लटकलेल्या रेवतीकडं बघितलं, माझ्या बोटांकडं बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "सकाळी कवापतर ऱ्हाते?"

"काय?"

"आकडलेलं."

मी बांगड्या पिशवीत टाकल्या आणि निघाले. मागून तिचा आवाज आला, "बाजाराच्या दिवशी दुपारी या. मागच्या दारानं. सासूबाईला बोलू नका."

आता सांगा, सासूला सांगू नका असं म्हणून मागच्या दारानं बोलावणारी बाई कशासाठी बोलावत असेल? मागच्या वर्षी अशाच एकीनं मला हळदीकुंकू म्हणून घरी नेलं आणि वजन कमी करायच्या पावडरीचे डबे माझ्या गळ्यात मारायला बघितले. दुसरी एक गंडा बांधणाऱ्या बाबाचा पत्ता द्यायला आली होती. नाहिदचं काय असेल? डबे, गंडा, का आणखी तिसरंच? का सासूबाईंनीच तिला माझ्या मागावर लावलंय? अनिरुद्ध म्हणाला, "जाऊन तर बघ." त्याला काय जातंय म्हणायला.

दोन दिवसांनी मी गिरणीत दळण घेऊन उभी होते. समोर नाहिदचं दुकान. बघते तर आत आमच्या सासूबाई. बांगड्या बघत नव्हत्या. नाहिदच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी आपला हात पुढं करून मनगटावर बोट फिरवलं. हात कसा सुजलाय हे दाखवतात ना, तसं. नाहिदनं मान हलवली. चोराच्या मनात चांदणं म्हणा हवं तर, पण मला पुढचं सगळं लख्ख दिसलं.

संध्याकाळी सासूबाई भाकरी खाता खाता म्हणाल्या, "आईतवारी संध्याला बोलावलंय."

"का?"

"काहून म्हंजे? लेक हाय माझी."

रात्रभर मी रेवतीचा फ्रॉक धरून झोपले. बोटं वळत नव्हती तरी धरून झोपले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि तो सगळा नाहिदवर येत होता. बाजाराच्या दिवशी दुपारी चिन्मयला शेजारी ठेवलं, रेवतीला कोपरात घातलं आणि मागच्या दारानं तिच्या घरात शिरले. भांडायलाच गेले होते.

"माझ्या सासूला काय सांगितलं?" दारातूनच विचारलं.

खोलीत नाहिदभाभी आणि आणखी दोघी बसल्या होत्या. बायका जमल्या की सतरंजी असते. इथं सतरंजी नव्हती, सगळ्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. चहा कपबशीत नव्हता, मोठ्या कानाच्या मगांत होता, आणि तो त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला होता. मीही घरी कुणी नसलं की तसाच धरते.

"आदी बसा," नाहिदभाभी म्हणाली. "खाली नका बसू, उठताना तकलीफ व्हती."

मी बसले नाही. खुर्च्यांखाली डबे दिसतात का ते बघितलं. "कोणत्या कंपनीचं आहे हे?"

तिघी हसल्या. नाहिदभाभीनं आपले हात पुढं केले. बोटांची पेरं लाल, सुजलेली. "ही कंपनी," ती म्हणाली. "दाबून बांगडी भरायला ताकद न्हाई राहिली. लोक म्हणतेत माज आला. म्हणू द्या. माझंबी लेकरू तीन वर्षाचं हाय. इलाज डाक्टरचाच, गोळी बंद करा म्हणलं कुणी तर तिला मी हाकलून देते. हितं फकस्त कसं निभवायचं ते सांगतो एकमेकीला."

"आणि या कुठून सापडल्या तुम्हाला?"

"तुमी सापडल्या तशाच. अंग वाळलं अन् माप वाढलं की मी इचारते."

पहिली पुसेगावची नीलांबरी, मांडीवर दोन वर्षांचा पोरगा. दुसरी गंगूताई, माझ्याच वयाची. "मागचं दार माझ्यामुळं हाय," गंगूताई म्हणाली. "सासरी कळलं अन् दुसऱ्या दिवशी मला माहेरी धाडलं. लेकरं ठिवून घेतली. भांडून आणली मी. म्हणून ज्येच्या त्येच्या घरी ज्यानं त्यानं सांगायचं, दुसरीनं न्हाई."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणून आणखी संशय आला. तेवढ्यात रेवती कोपरातून घसरली. मी तिला छातीशी दाबलं, मनगटातून कळ गेली, तोंडातून आवाज निघाला. गेल्या वर्षभरात माणसांत काढलेला तो पहिला आवाज. कुणी अरेरे म्हटलं नाही. नीलांबरी फक्त म्हणाली, "तुमी तिला उचलता, तितंच चुकतंय. लेकराला उचलायचं न्हाई, चढाय शिकवायचं."

तिनं पोराला खाली सोडलं. खुर्चीपुढं एक बुटका पाट होता. पोरगा पाटावर चढला, तिच्या गुडघ्याला धरून मांडीवर आला, गळ्यात हात टाकले. तिनं दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्या बुडाखाली घातले, पुढं वाकली आणि पायांच्या जोरावर उभी राहिली. बोटं कुठंच लागली नाहीत.

मग माझ्या रेवतीला पाटावर उभं केलं. ती दोनदा धपकन बसली, एकदा चिडून रडली. मग त्या पोराकडं बघून चढली आणि माझ्या गळ्याला बिलगली. मी उभी राहिले. दुखलं, पण पडेल असं वाटलं नाही. मला हुंदका आला. मी तो लपवला नाही, कारण तिथं कुणापासून लपवायचा होता?

शांत झाल्यावर मी पुन्हा विचारलं. "सासूबाई तुमच्याकडं आल्या होत्या. मी बघितलंय."

"आल्या व्हत्या," नाहिदभाभी म्हणाली. "सुनेनं कोणतं माप नेलं म्हणून इचारत व्हत्या. मी म्हणलं, गिऱ्हाइकाचं माप मी दुसऱ्याला सांगत न्हाई. तर हात पुढं केला अन् म्हणल्या, माझंबी असंच एकाएकी वाढलं व्हतं, तुझ्या सासूला इचार. मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल."

मला काहीच माहीत नव्हतं. घरी आले तेव्हा सासूबाई सुपात तीळ निवडत होत्या. बोटांनी नाही, तळहाताच्या कडेनं तीळ सारत होत्या. त्यांची बोटं करंगळीकडं कलली आहेत, पेरं फुगून घट्ट झाली आहेत, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते. वय झालं, शेतात राबल्या, असं धरून चालले होते. त्यांच्या फोनवर माझं लक्ष होतं, पिशव्यांवर होतं, बोलण्यातल्या कानामात्रेवर होतं. हातांकडं मात्र मी कधी धड बघितलंच नव्हतं.

"तुमचं कधीपासून?" मी विचारलं आणि माझे हात त्यांच्यासमोर धरले.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "संध्या झाली तवापसून," त्या म्हणाल्या. "सकाळच्या पारी हातातून सुटली ती. चुलीपाशी. थोडक्यात वाचली. माझ्या सासूनं त्याच दिवशी तिला शिरड शहापूरला माझ्या बहिणीकडं धाडली. दोन महिन्यांसाठी म्हणून. साळंत जायची झाली तवा परत आली. बहिणीला आई म्हणायची, मला मावशी. मी काय म्हणू तिला?"

"आणि माझ्या रेवतीलाही तसंच पाठवणार होता?"

"लेकरू धड ऱ्हावं म्हणून," त्या म्हणाल्या. "तुला कोपरात उचलताना बघून राहिले मी, रोज. माझा जीव टांगणीला लागायचा. मला दुसरं काय म्हाईत व्हतं?"

"रेवती जाणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं.

त्यांनी विषय सोडलाय यावर माझा विश्वास बसला नाही. रविवारी संध्याताई आल्या तेव्हा मी दिवसभर रेवतीला मांडीवरून उतरू दिलं नाही, आणि घरातल्या सगळ्या पिशव्या कुठं आहेत त्यावर नजर ठेवली. संध्याताई तिच्याशी खेळल्या, जेवल्या, तिळाचे लाडू घेऊन संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. निघताना "येते मावशी" म्हणाल्या. सासूबाई दारात उभ्या राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिल्या.

पुढच्या बाजाराला मी निघाले तर त्या चपला घालून तयार.

"मलाबी यायचंय."

झालं, आता तपासणी, असं मला वाटलं. वाटेत मी नाहिदला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. त्या मागच्या दारानं आत आल्या, गंगूताई दचकली, नाहिदभाभीनं खुर्ची पुढं केली. सासूबाई बसल्या. मी रेवतीला पाटावर उभं केलं. ती चढली, मी उभी राहिले, पुन्हा बसले, तिला उतरवलं. सासूबाई पापणी न हलवता बघत होत्या.

"मला दाखव," त्या म्हणाल्या.

मी पाट त्यांच्या पायांशी सरकवला. त्यांनी कललेल्या बोटांचे हात उघडे धरले. रेवती त्यांच्या लुगड्याला धरून चढली, मांडीवर आली, गळ्यात हात टाकले. नीलांबरीनं हात कसे घालायचे ते सांगितलं, त्यांनी तसे घातले. उठायचं मात्र त्या विसरल्या. नातीच्या खांद्यावर हनुवटी ठेवून तशाच बसून राहिल्या.

मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एवढंच व्हतं व्हय."