कडेची काळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे हं, फोटोची. फिल्म सर्रास वापरात येण्याआधी फोटो माझ्यासारख्या काचांवर उतरत. माझ्यात सगळंच उलटं असतं, केस पांढरे आणि चेहरे काळे. आमच्यावरून कागदावर छापलं, की मगच माणसं माणसांत येतात.

आमच्या स्टुडिओचे फोटोग्राफर फार टापटिपीचे. एकदा त्यांनी बागेच्या रंगवलेल्या पडद्यासमोर एका वर्षाच्या मुलीला खुर्चीत बसवलं आणि मला कॅमेऱ्यात सरकवलं. मुलगी रडून रडून लाल झालेली. अचानक ती खुदकन हसली आणि यांनी क्षण टिपला. फोटो दुकानाच्या दर्शनी भागात लागला. बाळाला हसवावं तर यांनीच, असं लोक म्हणत आणि हेही मिशीतल्या मिशीत हसून मान डोलावत. आयत्या पिठावर रेघोट्या! खरं काय ते मला ठाऊक होतं.

पडद्याबाहेरचं काही काचेवर आलं, की ते पाठीमागून काळ्या कागदाची पट्टी चिकटवत, म्हणजे तेवढं छापलं जात नसे. माझ्याही पाठीवर पट्टी बसली. मग मी खोक्यात गेले आणि खोकं माळ्यावर. कित्येक वर्षं धूळ खात पडले. सोबतच्या काही काचा तर खरवडून कपाटाच्या दारांना लावल्या. माझा कोपरा तडकलेला, म्हणून मी वाचले.

हल्लीच वाचनालयाने गावातल्या जुन्या फोटोंचं आणि कागदपत्रांचं प्रदर्शन ठरवलं. आता स्टुडिओ फोटोग्राफरची नात चालवते, तिने आमची खोकी खाली काढली. तेव्हाच गावात शिवणकाम करणाऱ्या एक मावशी एक पिवळा पडलेला फोटो घेऊन आल्या. खुर्चीतली ती मुलगी म्हणजे त्याच. त्यांची आई त्या लहान असतानाच वारली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. काका म्हणायचे ती उंच होती, आत्या म्हणायची बुटकी.

"आजोबांच्या खोक्यांत कुठे सापडली तर बघ गं," मावशी म्हणाल्या. "एकदा चेहरा बघायचाय तिचा."

नातीने एकेक काच उजेडात धरली. आई काही सापडेना, मी मात्र सापडले. माझ्या पाठीवरची पट्टी बघून ती थबकली. ओल्या कापसाने तिने कागद हलकेच सोडवला. मला गुदगुल्या होत होत्या. मग तिने मला कडेसकट छापलं आणि मावशींना बोलावलं.

पडद्याच्या बाहेर एक तरुण बाई उभी होती. गाल फुगवलेले, डोळे तिरळे केलेले. हातातला किल्ल्यांचा जुडगा जोरात हलवल्यामुळे पुसट आलेला. नाक थेट मावशींचं.

मावशींनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे मी हिच्याकडे बघून हसत होते."



प्रदर्शनात तो फोटो दाराशीच लागला. बाकीच्या काचांच्या पट्ट्या सोडवायचं काम नातीने आता हाती घेतलंय आणि आमच्या खोक्यात एकच गडबड उडाली आहे. मित्रांनो, तुमच्या घरातले जुने फोटो आणि कागद टाकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. आणि कडा तर मुळीच कापू नका.