लाल घोड्याची घसरगुंडी

मित्रांनो, मी एक जुनी प्र्यालका आहे. माझे रूप साधे. बसायला एक पसरट पाट, आणि त्यातूनच वर उभी राहिलेली रुंद फळी. बाईने पाटावर बसायचे, फळीला जवसाच्या तंतूंचा झुपका बांधायचा आणि चाती फिरवत सूत काढायचे. रशियातल्या द्विना नदीकाठच्या आमच्या गावात बाप लेकीला लग्नात अशी प्र्यालका करून देत असे. माझी मालकीण ग्लाफिरा. तिच्या बापाने मला बर्चच्या बुंध्यातून एका तुकड्यात कोरले आणि फळीवर लाल घोडा रंगवला. घोडा जरा बोक्यासारखा झाला होता, पण ग्लाफिराला फार आवडला.

सासरी एकाच बाकावर आम्ही बसायचो. इकडे ग्लाफिरा आणि मी, तिकडे तिची सासू पेलागेया आणि तिची म्हातारी प्र्यालका. तेव्हा नुकतेच झारचे राज्य गेले होते आणि गावात बायकांसाठी संध्याकाळची शाळा निघाली होती.

"आई, मी जाऊ का हो शाळेत?" ग्लाफिराने विचारले.

"आणि सूत कोण काढणार? तुझा हा बोका?"

 त्या दिवसापासून ग्लाफिराचा धागा मात्र सारखा तुटू लागला.

मग मास्लेनित्सा आला. मोठा उपवास लागण्याआधीचा हा लोण्याचा आठवडा. घरोघरी धिरडी, आणि टेकडीवर पाणी ओतून केलेली बर्फाची घसरगुंडी! आमच्याकडे बायका प्र्यालकेवर बसून घसरतात. जी जितकी लांब जाईल, तिचे जवस तितके उंच वाढते, अशी श्रद्धा आहे.

टेकडीवर ग्लाफिराने धीर केला. "आई, मी तुमच्यापेक्षा लांब गेले, तर शाळेत पाठवाल?"

शेजारची फ्योक्ला ओरडली, "काय गं पेलागेया, घाबरलीस की काय?"

"मी? अगं, हिचा जन्म व्हायच्या आधीपासून घसरतेय मी! चल सूनबाई. पण हरलीस, तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही."

आम्ही आधी निघालो. वारा कानात घुसला, घोडा जणू खरेच उधळला. पण माझा पाट नवा, खरबरीत. वाळुंजाच्या झुडपाच्या अलीकडेच मी थांबले. मग पेलागेयाने क्रूसाची खूण केली, घागरा सावरला आणि "सरका गं बायांनो!" म्हणत आमच्या शेजारून सुसाट गेली. तिच्या प्र्यालकेचा पाट बाकावर घासून घासून आरशासारखा झाला होता. झुडूप ओलांडून ती थेट बर्फाच्या ढिगात घुसली.

ग्लाफिरा तिथेच बसून राहिली. मला फार वाईट वाटले.

पेलागेया बर्फ झटकत आली. गाल लालबुंद, हसू आवरत नव्हते. सुनेचा चेहरा पाहून मात्र ती थबकली.

"जिंकले ना मी? मग शाळेत मी जाणार."

"तुम्ही?"

"का? देवानं डोळे काय फक्त सुईत दोरा ओवायला दिलेत? प्रार्थनेची पोथी उलटी धरली तरी कळत नाही मला. पण एकटीनं जायची लाज वाटते बाई. तू चल सोबत."

"आणि सूत?"

"पहाटे उठू की! तुझा बोका कोंबड्याआधी जागा होतो."

दोघी गेल्या. माझ्या पाठीवर कोळशाने अक्षरे गिरवली. ज्या दिवशी पेलागेयाने पोथीतली एक ओळ स्वतः वाचली, त्या दिवशी ती रडली आणि लगेच धिरडी करायला उठली.

पुढे लढाईच्या वर्षांत ग्लाफिराने गावाचा ट्रॅक्टर चालवला. तिची नात तैसिया आज द्विनेवरच्या मोठ्या बोटीची कप्तान आहे. मी मात्र, गिरणीचे कापड घरात आल्यापासून, भिंतीवरच्या खिळ्याला लटकले होते. पाहुणे "किती सुंदर!" म्हणत आणि चहाकडे वळत.

गेल्या मास्लेनित्साला तैसियाने मला खाली काढले, टेकडीवर नेले, छोट्या लेकीला पुढ्यात घेतले आणि म्हणाली, "घट्ट धर, बोट सुटली!" झुडूप मागे पडले, पेलागेयाचा ढीग मागे पडला, आणि आम्ही थेट नदीच्या गोठलेल्या पात्रावर!

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपा, पुसा, त्यांना नमस्कार करा. पण वर्षातून एकदा तरी त्यांना खिळ्यावरून उतरवा हं. झिजतील म्हणून भिऊ नका. बाकावर इतकी वर्षे घासून झिजले, म्हणूनच तर मी एवढी लांब गेले.