मझ्नाचं कोठार

मझ्नानं युस्लिमच्या हातातला फवारणीचा पंप हिसकावला आणि त्याची पितळी नळी त्याच्याच कानशिलात हाणली.

"वहिनी, डोकं फिरलंय का तुझं?" युस्लिम कान धरून भिंतीला टेकला. बोटांमधून रक्त ओघळत होतं.

"काय मारलंस मुशीवर?"

"किड्यांचं औषध."

"मेंढ्यांच्या गोचिडांचं. बाटलीवर मेंढीचं चित्र आहे. आंधळी नाही मी."

शिहर बंदराच्या पुढच्या त्या किनाऱ्यावर मझ्ना तीस वर्षं मुशी, म्हणजे लहान शार्क मासे, सुकवत आली होती. मिठात मुरवायची, लाकडासारखी खणखणेपर्यंत वाळवायची, मग खजुरीच्या चटयांत घट्ट शिवायची. तेवढ्यानं भागत नसे. दर आठवड्याला भर दुपारी सगळी गाठोडी उसवून मुशी तापल्या वाळूवर पसरायची. भुंगेरे पळत सुटत, अळ्या भाजून मरत, उरलंसुरलं कोंबड्या टिपत. नवरा समुद्रात बुडाल्यापासून मासे धाकट्या दिराचे, म्हणजे युस्लिमचे, आणि कोठार तिचं, अशी वाटणी होती. यंदा अवेळी वादळ आलं. बारा दिवस उन्हाचं तोंड दिसलं नाही. कीड आत शिरली, आणि डोंगरांमधल्या खोऱ्यात, वादीत, माल नेणारा ट्रक आज दारात उभा होता.

"दोन दिवस ऊन दाखवू दे. निम्मी तरी वाचेल," ती म्हणाली.

"ट्रक थांबणार नाही. आणि सगळेच मारतात हे. कोण मेलं आजवर?"

मझ्नानं उंबऱ्याकडे बोट केलं. कोठारातलं मांजर तिथं आडवं झालं होतं. पाय ताठ, तोंडाला फेस.

"मांजरच तर आहे," युस्लिम म्हणाला.

कोपऱ्यातली सुरी उचलून तिनं पहिलं गाठोडं उभं फाडलं, मग दुसरं. होडीच्या इंजिनाचा डिझेलचा डबा तिनं मुशीवर उपडा करायला घेतला, तेव्हा युस्लिमला ती काय करतेय ते कळलं. भिंतीला टेकवलेली पहार त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

डबा पडला. मझ्नानं तो डाव्या हातानं उचलला आणि उरलेलं डिझेल आधी त्याच्या डोळ्यांत फेकलं, मग मुशीवर. तो ओरडत लाथा झाडत राहिला. एक तिच्या बरगडीत बसली. ती गुडघ्यावर आली आणि तशीच सरकत पुढच्या गाठोड्याकडे गेली.

ट्रकवाला बखीत आवाज ऐकून आत आला.

"धर हिला," युस्लिम चाचपडत म्हणाला. "सगळ्याचं वाटोळं करतेय."

म्हाताऱ्या बखीतनं मांजराकडे पाहिलं. पंप उचलून हुंगला.

"मी यातली शंभर गाठोडी नेणार होतो," तो म्हणाला. "माझ्या नाती खातात ही, भातावर कुस्करून."

युस्लिमच्या हातातली पहार त्यानं काढून घेतली, बाहेर नेऊन वाळूत फेकली आणि रिकामा ट्रक वळवला.

संध्याकाळपर्यंत सगळा माल खड्ड्यात गाडला गेला. त्या वर्षी मोसमी वाऱ्यांनी समुद्र बंद झाला तेव्हा वस्तीत तोंडी लावायला मुशीचा तुकडा नव्हता. विहिरीवर बायका मझ्नाला पाहून घागरी उचलत. एकीनं ती ऐकेल अशा बेतानं म्हटलं, "एका मांजरापायी पोरांना कोरडा भात गिळायला लावला." मझ्नानं डाव्या हातानं पोहरा ओढला आणि घरी आली. मनगट वाकडंच सांधलं. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, पण चार महिने युस्लिम तिच्याशी बोलला नाही.

समुद्र खुला झाला त्या दुपारी त्यानं दोन हात लांबीची मुशी आणून तिच्या अंगणात टाकली आणि वळला.

"युस्लिम," ती म्हणाली. "माझी मूठ मिटत नाही आता. चिरणार कोण?"

तो थांबला. मग येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि तिच्या मनगटाकडे न बघता त्यानं सुरीसाठी हात पुढे केला.